अकरावी-बारावीची इंग्रजी: मराठी मिडियममधनं कोल्हापुरात आलेल्यांसाठी

दहावीचा निकाल लागला, ॲडमिशन झालं, आता कॉलेज. गारगोटी, राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडनं पोरं-पोरी कोल्हापुरात यायला लागतात, कोण हॉस्टेलला, कोण मावशीकडं, कोण रोज एसटीनं ये-जा करणार, आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं म्हणणं एकच असतंय, मॅडम, इंग्रजीच्या लेक्चरला कायच कळंना. मी पण भुदरगड तालुक्यातल्या मराठी शाळेतनं आलेय, आता राजारामपुरीत अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते, त्यामुळं ही भीती मला आतनं माहीत आहे. पुढं काय येणाराय आणि त्याला कसं भिडायचं ते सगळं एका जागी लिहून ठेवते, सवडीनं वाचा आणि मैत्रिणींना पण पाठवा.

आधी अवघड का वाटतंय ते समजून घ्या

मराठी मिडियमला दहावीपर्यंत इंग्रजी ही तृतीय भाषा. इंग्लिश मिडियमवाल्यांना ती प्रथम भाषा. दोघांची पुस्तकं वेगळी, पेपर वेगळा. अकरावीला मात्र दोघंही एकाच बाकावर बसतात आणि दोघांच्या हातात एकच पुस्तक, बालभारतीचं युवकभारती. म्हणजे शेजारची पोरगी दहा वर्षं सगळे विषय इंग्रजीतनं वाचून आलीय आणि तुम्ही एकच विषय वाचलाय. एवढाच फरक आहे. तुम्ही मठ्ठ आहात असला विचार डोक्यात आणायचाच नाही, हे अंतर वाचनाचं आहे आणि वाचून भरून निघतंय, मी दरवर्षी बघते.

आणि एक गोष्ट तुमच्याकडं आधीपासनं आहे जी कुणी तुम्हाला सांगत नाही. दहावीच्या मराठीत तुम्ही कवितेचं रसग्रहण लिहिलंय. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असं तीन परिच्छेदांत. बारावीच्या इंग्रजीत ॲप्रिसिएशन ऑफ पोएम म्हणून जो प्रश्न येतो तो हाच. विचार करायची सवय तुम्हाला मराठीत लागलेली आहे, आता फक्त भाषा बदलायची आहे. माझं सगळं शिकवणं या एका गोष्टीवर उभं आहे.

पुस्तकात आणि पेपरात काय असतंय

सध्याचं अकरावीचं पुस्तक २०१९ ला आलं, बारावीचं २०२० ला. बालभारतीच्या साईटवर पीडीएफ फुकट मिळते, मोबाईलमध्ये ठेवा, पण अभ्यासाला छापील पुस्तकच घ्या कारण त्याच्यावर पेन्सिल चालवायची आहे. पुस्तकात चार भाग, गद्य, पद्य, लेखनकौशल्य आणि एक साहित्यप्रकार. हा साहित्यप्रकार अकरावीला नाटक आणि बारावीला कादंबरी.

बोर्डाची लेखी परीक्षा ८० मार्कांची, तीन तास, आणि २० मार्क कॉलेजकडं, त्यात ऐकणं-बोलणं तपासतात. ८० ची वाटणी अशी: गद्याला ३४, कवितेला १४, लेखनाला १६, कादंबरीला १६. गद्याच्या ३४ मध्ये पुस्तकातला उतारा पण येतो आणि कधी न बघितलेला उतारा पण येतो. हे लिहून भिंतीवर चिकटवा, कारण पोरं वर्षभर व्हॉइस बदला, इनडायरेक्ट करा हेच करत बसतात आणि व्याकरण सुटं विचारतात ते थोड्याच मार्कांचं. बाकी सगळं वाचून समजणं आणि स्वतःचं लिहिणं. (सीबीएसईला असाल तर तुमचं पुस्तक वेगळं, पण तिथं पण ८० आणि २० च, आणि खाली जे सांगतेय ते तसंच्या तसं लागू होतंय.)

सायन्सवाले म्हणतात इंग्रजी काय, पासिंगपुरती. बाबांनो, नीटला बसणार असाल तर मेडिकलच्या पात्रतेत पीसीबी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी यांच्याबरोबर इंग्रजी पण धरतात. आणि बारावीचा पहिला पेपर बहुतेक वेळा इंग्रजीचाच असतो, तो चांगला गेला की पुढच्या सगळ्या पेपरांना हुरूप येतो.

पहिला महिना

लेक्चर इंग्रजीतनं असणार. सर सलग बोलणार, मधेच एखादं वाक्य मराठीत, परत इंग्रजी. पहिले पंधरा दिवस तुम्हाला निम्मं कळेल, ते ठीक आहे, घाबरून मागच्या बाकावर जाऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर बसा जिथनं सरांचं तोंड दिसतंय, कारण ओठ दिसले की शब्द जास्त कळतात, हे करून बघा. उद्या जो धडा आहे तो आदल्या रात्री एकदा नुसता वाचून जायचा, समजू दे नाहीतर नको समजू दे. वाचून गेलेल्या पोराला लेक्चरमध्ये ओळखीचे शब्द ऐकू येतात, न वाचता गेलेल्याला नुसता आवाज ऐकू येतो.

वहीत सरांचं सगळं उतरवायला जाऊ नका. प्रत्येक लेक्चरचा एक प्रश्न लिहायचा, जो तुम्हाला पडला. मराठीत लिहा, चालतंय. लेक्चर संपल्यावर जाऊन विचारा. सर रागावतील ही भीती असते पण सगळ्या वर्गात एकजण येऊन खरा प्रश्न विचारतोय म्हटल्यावर शिक्षकाला किती बरं वाटतं ते मी शिक्षिका म्हणून सांगते.

धडा वाचायचा कसा

हे नीट वाचा, कारण ९० टक्के पोरं इथंच चुकतात.

गेल्या वर्षी कागलकडची एक मुलगी माझ्याकडं आली, अभ्यासू, अक्षर मोत्यासारखं. तिचं पुस्तक उघडलं तर प्रत्येक ओळीवर बारीक पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेला, एक शब्द सोडला नव्हता. मी म्हटलं पुस्तक मिट आणि मला गोष्ट सांग. तिला सांगताच येईना. म्हणाली, मॅडम शब्द सगळे येतात पण गोष्ट हातात येईना. बरोबरच आहे, शब्दाशब्दाला थांबलं की वाक्य तुटतं आणि वाक्य तुटलं की गोष्ट हरवते.

म्हणून तीनदा वाचायचं. पहिल्यांदा सलग, डिक्शनरी लांब ठेवून, अडलं तरी पुढं जायचं, आणि संपलं की मराठीत तीन-चार वाक्यांत काय झालं ते कुणालातरी सांगायचं, रूममेटला सांगा, आईला फोनवर सांगा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, फक्त ते शब्द अधोरेखित करायचे जे कळल्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही, असे एका पानावर पाच-सहाच निघतात, त्यांचा अर्थ बघायचा आणि वहीत अख्ख्या वाक्यासकट लिहायचा. तिसऱ्यांदा मोठ्यानं. मोठ्यानं वाचल्यावर जीभ वळते, आणि कुठं थांबायचं हे कळलं की अर्थ पण कळतो. त्या मुलीनं पहिल्या सहामाहीत हे केलं, शब्दांचे अर्थ लिहायचं बंद केलं, आणि दिवाळीनंतर ती वर्गात उभं राहून इंग्रजीत गोष्ट सांगत होती, चुकत होती पण थांबत नव्हती.

उत्तर लिहिताना: धड्यात कुठं?

मी स्वतः अकरावीत असताना पहिल्या युनिट टेस्टला गाईडमधलं उत्तर पाठ करून जसंच्या तसं उतरवलं होतं. २५ पैकी ११ पडले. आमच्या सरांनी समासात लाल पेनानं एवढंच विचारलं होतं, हे धड्यात कुठं आहे? त्या वेळी मला रडू आलं होतं, पण तोच प्रश्न मी आज माझ्या पोरांच्या वहीत लिहिते. दहावीपर्यंत विचारायचे काय झालं. इथं विचारतात तुम्हाला असं का वाटतं. आणि का वाटतं याचा पुरावा धड्यातच असावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. बारावीच्या पुस्तकात आर. के. नारायण यांची ज्योतिषाची गोष्ट आहे. रस्त्याच्या कडेला बसणारा ज्योतिषी, त्याला ताऱ्यांमधलं काही येत नाही, माणसं बघून अंदाजानं सांगतो, स्वतःचा दिवा पण नाही, आजूबाजूच्या दुकानांच्या उजेडावर धंदा चाललाय. रात्री एक गिऱ्हाईक येतं, पैज लावतं, खरं सांग नाहीतर पैसे परत दे आणि वर जास्तीचे दे. आता प्रश्न आला, ज्योतिषी घाबरला होता का?

कच्चं उत्तर असं असतं: होय, घाबरला होता कारण त्यानं पूर्वी गुन्हा केला होता. चूक नाही, पण यात धडा वाचल्याची खूण नाही, कुणीही ऐकीव लिहील.

पक्कं उत्तर बघा. गिऱ्हाईक चिरूट पेटवतं, काडीच्या उजेडात त्याचं तोंड क्षणभर दिसतं, आणि तेवढ्यात इतका वेळ घासाघीस करणारा ज्योतिषी एकदम म्हणायला लागतो, हे घे तुझे पैसे, मला उशीर झालाय, आणि सामान आवरायला लागतो. आलेला पैसा परत देणारा ज्योतिषी! त्याला का सोडायचाय हा सौदा? लेखकानं तिथं तो घाबरला असं सरळ लिहिलेलं नाही, काडीच्या उजेडानं दाखवलंय. हे पकडलं की उत्तर तुमचं झालं. मग इंग्रजी साधं असलं तरी चालतं. छोटी वाक्यं करा, प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट, आणि बिकॉज वापरून कारण जोडा. मोठमोठे शब्द पाठ करून घुसडू नका, ते उपरे दिसतात.

गाईड घेऊच नका असं मी म्हणणार नाही, सगळेच घेतात. पण आधी स्वतःचं उत्तर लिहायचं, मग गाईड उघडून बघायचं की आपलं काय राहिलं. उलटं केलं की डोकं चालायचं बंद होतं.

कविता

इथं तुमचं मराठी कामाला येतंय. अलंकार तेच आहेत, फक्त नावं बदलली: उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटाफर, अनुप्रास म्हणजे ॲलिटरेशन, चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन, अतिशयोक्ती म्हणजे हायपरबोली. एक पान करा, डावीकडं मराठी नाव, मधे मराठी उदाहरण जे तुम्हाला पाठच आहे, उजवीकडं युवकभारतीतली ओळ. पण अलंकार ओळखून थांबायचं नाही, त्यानं कवितेत काय झालं हे एका वाक्यात लिहायचं. ॲप्रिसिएशनला चार मार्क असतात, आणि नुसती अलंकारांची यादी दिली तर चार पडत नाहीत.

बारावीला दिलीप चित्रे यांची बाप घरी परततोय ही कविता आहे. माझी सगळ्यात आवडती, आणि चित्रे म्हणजे मराठीतले पण मोठे कवी, तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेलेला माणूस. कवितेत काय आहे, रात्रीच्या लोकलमध्ये पिवळ्या उजेडात उभा असलेला म्हातारा बाप, पावसानं भिजलेले कपडे, चिखल लागलेला रेनकोट, पुस्तकांनी भरून फाटायला आलेली बॅग. घरी आल्यावर पातळ चहा आणि शिळी चपाती. पोरं त्याच्याशी बोलत नाहीत, आपले विनोद त्याला सांगत नाहीत. शेवटी रेडिओची खरखर ऐकत झोपतो आणि पूर्वजांची, नातवंडांची स्वप्नं बघतो.

मी वर्गात विचारते, चपाती शिळीच का? ताजी असती तर कवितेचं काय बिघडलं असतं? आधी सगळे गप्प बसतात. मग एकजण म्हणतो, मॅडम, म्हणजे त्याची वाट कोण बघत नव्हतं. झालं की! हेच रसग्रहण. शिळी चपाती हा अलंकार नाही, पण घरातला सगळा एकटेपणा त्या एका गोष्टीत आलाय. हाच विद्यार्थी पाच मिनिटांपूर्वी म्हणत होता की मला इंग्रजी कविता कळत नाही. त्याचे वडील शिरोलीला कंपनीत सेकंड शिफ्टला आहेत, रात्री साडेबाराला घरी येतात. तो पुढं काही बोलला नाही, पण त्यानं त्या कवितेवर लिहिलेलं पान मी अजून जपून ठेवलंय. त्यामुळं कविता वाचताना आपल्या घरातलं काय आठवतंय ते आधी मराठीत मनात येऊ द्या. इंग्रजी नंतर होतंय.

लेखनकौशल्य

१६ मार्क, चार-चारचे चार प्रश्न, त्यात पर्याय असतात. रिपोर्ट, ईमेल, मुलाखत, भाषण, सूत्रसंचालन, ब्लॉग, आवाहन, परीक्षण असं बरंच आहे. सगळं सारखं करत बसू नका, प्रत्येक गटातला एक पक्का आणि एक राखीव ठेवा.

सराव गावातल्याच गोष्टींवर करा. २६ जूनला शाहू जयंती असते, कॉलेज सुरू झालं असेल तर कार्यक्रमाचा रिपोर्ट त्याच रात्री लिहायचा: मथळा, ठिकाण, तारीख, काय झालं ते भूतकाळात, मी-आम्ही नाही. आवाहन लिहायचंय तर पंचगंगेत निर्माल्य टाकू नका यावर लिहा. रंकाळ्यावर ब्लॉग. मुलाखत एखाद्या तालमीतल्या वस्तादांची घ्या, खरंच जाऊन घ्या, मराठीत घ्या आणि प्रश्न इंग्रजीत उतरवा. तुमचं नाव काय, गाव कुठलं असले प्रश्न वाया जातात. पहिल्यांदा मातीत उतरलात तेव्हा वय काय होतं, मॅट आल्यावर काय बदललं, पोरं तालीम सोडून का जातात, असले प्रश्न पाहिजेत. स्वतः बघितलेलं लिहिलं की शब्द आपोआप सुचतात, आणि पेपर तपासणाऱ्याला पण शंभर सारख्या उत्तरांत ते वेगळं दिसतं.

नाटक आणि कादंबरी

अकरावीचं नाटक गटानं वाचा, पात्रं वाटून घ्या, मोठ्यानं. एकट्यानं मनात वाचलं तर कोण बोलतंय हेच विसरतं. बारावीला तीन कादंबऱ्यांचे उतारे आहेत, एक लंडनच्या ईस्ट एंडमधल्या शाळेत आलेल्या कृष्णवर्णीय शिक्षकाची, एक ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या पैजेची, एक शेरलॉक होम्सची. प्रश्न पात्र, कथानक, स्थळ-काळ आणि विषय यांवर येतात. प्रत्येक पात्राला अर्धं पान द्या आणि त्यावर त्यानं केलेल्या तीन कृती लिहा, विशेषणं नको. तो हुशार होता असं लिहून उपयोग नाही, त्यानं काय केलं म्हणून हुशार ते लिहा. जमलं तर उताऱ्यावर न थांबता अख्खी कादंबरी मिळवा. भवानी मंडपाजवळचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासनं आहे, तिथं सभासद व्हा. सुरवातीला मराठी अनुवाद वाचला तरी चालेल, गोष्ट माहीत असली की इंग्रजी वाचायला भ्या वाटत नाही.

तोंडी

बोलायचं टाळून चालत नाही. रोज दहा मिनिटं एक मैत्रीण पकडा, रंकाळ्याला फेरी मारताना नाहीतर केएमटी बसची वाट बघताना, आणि ठरवा की आता फक्त इंग्रजी. अडलं की तो एक शब्द मराठीत टाकून पुढं जायचं, वाक्य सोडायचं नाही. आपल्या बोलण्याला कोल्हापुरी हेल येतो म्हणून लाजू नका, हेल राहू दे, शब्दाचा शेवट स्पष्ट म्हणा, भूतकाळाचा ड आणि अनेकवचनाचा स गिळू नका. तोंडीला पाठ केलेलं भाषण सरांना लगेच कळतं. तुमच्या गावाबद्दल, वडिलांच्या शेताबद्दल, हॉस्टेलच्या मेसबद्दल बोला.

पेपरच्या दिवशी

१८० मिनिटं अशी वापरा: गद्याला ७०, कवितेला ३०, लेखनाला ४०, कादंबरीला ३०, आणि शेवटची १० राखून. न बघितलेला उतारा आला की आधी प्रश्न वाचा, मग उतारा, म्हणजे डोळ्यांना काय शोधायचं ते माहीत असतं. समरी लिहिताना उताऱ्यातली वाक्यं उचलू नका, त्याच्या साधारण एक तृतीयांशात आपल्या शब्दांत आणा, आणि उदाहरणं-आकडे सोडून द्या. लेखनाचा प्रश्न निवडताना दोन मिनिटं विचार करा आणि एकदा सुरू केलेला मधे सोडू नका. राखून ठेवलेल्या १० मिनिटांत फक्त तीन गोष्टी बघायच्या: प्रश्नांचे नंबर बरोबर टाकलेत का, ही-शी च्या पुढं क्रियापदाला एस लागलाय का, आणि रिपोर्ट-गोष्टीत काळ मधेच बदललाय का. उरला वेळ तर ॲप्रिसिएशन परत वाचा आणि प्रत्येक मताच्या पुढं कवितेतली एक ओळ आहे का ते बघा, नसेल तर समासाशेजारी जागा असते तिथं घाला.